डी १२ इंज्युरी, गाव आतल्या बाजूला, ऑनलाइन फिजिओने खरंच काही होतं का?

पडवीतली_रेंज
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ आंब्यावरून पडला, डी १२ (पाठीचा बारावा मणका) फ्रॅक्चर, मज्जारज्जूला मार, ऑपरेशन करून रॉड-स्क्रू टाकलेत. कमरेखाली हालचाल नाही, लघवीला नळी आहे. डिस्चार्ज देताना "रोज फिजिओ चालू ठेवा" एवढंच सांगितलं. आमचं गाव संगमेश्वरच्या आतल्या बाजूला, फिजिओ थेट रत्नागिरीत, रोज गाडी करायची म्हणजे खर्च आणि त्याचे हाल दोन्ही. पुण्याचे एकजण व्हिडिओ कॉलवर सेशन घेतात म्हणे. पण हात न लावता फोनवरून फिजिओ कशी होणार हे मला झेपत नाहीये. वर रेंज फक्त पडवीत. पैसे पाण्यात जातील का?

फिजिओताई
मी स्वतः असे सेशन घेते, तेव्हा माझं थोडं सांभाळूनच वाचा. आधी एकदा तरी प्रत्यक्ष तपासणी हवीच. जाणीव नक्की कुठपर्यंत आहे, कुठले स्नायू जिवंत आहेत, इंज्युरी कम्प्लीट (खाली काहीच जाणीव-हालचाल नाही) की इनकम्प्लीट (थोडी उरलीय), हे कॅमेऱ्यावर कळत नाही. ते झालं की डी १२ ला ऑनलाइन बरंच जमतं कारण हात पूर्ण चांगले असतात, कूस बदलणं, उठून बसणं, हातांवर भार देऊन ढुंगण उचलणं, कपडे घालणं हे सगळं त्यालाच करायचंय. पायाचे सांधे आखडू नयेत म्हणून तुम्ही हलवायचे, ते तुमचे हात बघून मी सांगू शकते. फोन हातात धरू नका, स्टुलावर पलंगाच्या उंचीला बाजूने ठेवा. रेंज नसेल तर व्हिडिओ काढून व्हॉट्सॅपवर टाका, उत्तर व्हॉइस नोटने, चालतं. पण पलंगावरून व्हीलचेअरवर पहिल्यांदा जाणं आणि कॅलिपर (पायाला बांधायचे आधार) घालून उभं राहणं, हे फोनवर शिकवतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

चाकावरचा_गडी
मी डी १०. व्यायामाचं सगळेच सांगतात हो, माणूस आडवा होतो तो बेडसोअर आणि युरिन इन्फेक्शनने. झोपेत दर दोन तासांनी कूस, खुर्चीत असला की दर १५-२० मिनिटांनी वजन हलवायचं. रोज आरशात माकडहाड, खुबे, टाचा बघायच्या, लाल डाग दाबून जात नसेल तर त्या जागेवर भार बंद आणि फोटो त्याच दिवशी पाठवायचा, ऑनलाइनचा खरा फायदा हाच. कायमची नळी काढून दर ४-६ तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायचं जमेल का ते युरॉलॉजिस्टला विचारा, मूत्राशयात ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. हे व्हिडिओवर छान शिकवता येतं, फक्त पडवीत नको, बिचाऱ्याची लाज ठेवा.
तपासणीला मुंबईला हाजी अलीची सरकारी ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन बघा. खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर फौजींचं आहे. ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन ओपीडी) डॉक्टर फुकट मिळतो, ताप-इन्फेक्शनला विचारायला बरं, रिहॅब तिथे होणार नाही. आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज आत्ताच टाका.

नाशिकची_वहिनी
आमच्याकडे मानेची इंज्युरी आहे, सी ६. दादा तुमच्या भावाला हे लागू नाही, पण डी ६ किंवा त्याच्या वरचं कोणी वाचत असेल तर. एकदा सेशन चालू असताना ह्यांचं डोकं फुटल्यासारखं दुखायला लागलं, चेहऱ्यावर घाम. स्क्रीनवरच्या मॅडम म्हणाल्या व्यायाम सोडा, आधी बसतं करा, कपडे सैल करा, नळी बघा. नळी मांडीखाली दुमडली होती! लघवी तुंबली की ह्या लोकांचं बीपी एकदम चढतं, नळी मोकळी करूनही उतरलं नाही तर सरळ हॉस्पिटल.
अजून एक, आठवड्यातून एकदा कॉल लावून द्या आणि खोलीतून बाहेर जा. ह्यांनी जे मला कधी विचारलं नाही ते दुसऱ्या व्हीलचेअरवाल्याला विचारलं. मुंबईचं नीना फाउंडेशन स्पायनल इंज्युरीवाल्यांसाठीच काम करतं, तिथे विचारून बघा.

पडवीतली_रेंज
खूप आभार सगळ्यांचे. आधी हाजी अली, मग पुण्याच्या सरांशी बोलतो. गावातले लोक वर्गणी काढून व्हीलचेअर देतायत, घेऊन टाकू का?

चाकावरचा_गडी
थांबवा त्यांना. खुर्ची त्याच्या कमरेच्या मापाची लागते, हॉस्पिटलातली रुंद लोखंडी आणलीत तर खांदे जातील. ते पैसे खुर्चीत बसायच्या चांगल्या उशीसाठी पण राखून ठेवा. आणि दारांची रुंदी मोजा, उंबरे किती उंच, संडास कुठे, सगळ्या घराचा व्हिडिओ काढून फिजिओला आधी दाखवा.