मिरचीची पाने चुरडत आहेत आणि फुले गळत आहेत

प्रश्न
पुण्यात आमच्या गच्चीवर 12 इंची कुंड्यांमध्ये फेब्रुवारीत ज्वाला मिरचीची रोपे लावली. एप्रिलपर्यंत झाडे टवटवीत होती. आता मे महिन्यात शेंड्याची पाने चुरडली असून फुले देठासकट गळत आहेत. हा बोकड्या (मिरचीची पाने चुरडण्याचा रोग) असावा का, आणि रोपवाटिकेत सुचवलेले कीटकनाशक फवारावे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1
कारण कळल्याशिवाय कोणतेही औषध फवारू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाने चुरडण्यामागे फुलकिडे, कोळी (माइट, म्हणजे पानांतील रस शोषणारी सूक्ष्म कीड) किंवा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू यांपैकी काहीही असू शकते आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पानाच्या कडा वर वळून त्याचा होडीसारखा आकार झाला असेल, तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. कडा खाली वळल्या असतील, तर कोळ्यांचा. शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावा. फुलकिडे असल्यास पिवळसर, निमुळते, अगदी बारीक किडे कागदावर पळू लागतात. कोळी मात्र भिंगाशिवाय दिसत नाहीत. फुलकिड्यांसाठी 50 ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, तो अर्क संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूस पोहोचेल असा फवारावा आणि निळे चिकट सापळे टांगावेत. कोळ्यांवर पाण्यात विरघळणारे गंधक उपयोगी पडते, परंतु कडक उन्हाळ्यात त्याने पाने करपतात.

प्रतिसाद 2
ज्या झाडाची पाने बारीक राहिली आहेत, शिरा जाड झाल्या आहेत आणि वाढ खुंटली आहे, त्याला विषाणूची लागण झालेली असण्याची शक्यता अधिक. त्यावर औषध नाही. मन घट्ट करून ते उपटावे, म्हणजे शेजारची झाडे वाचतील.

प्रतिसाद 3
फुलगळीला बहुधा उन्हाळाच कारणीभूत आहे. पारा 35 अंशांच्या वर राहू लागला की मिरचीत परागीभवन नीट होत नाही आणि फुले झडतात. दुपारी शेडनेटची सावली द्यावी, सकाळी नियमित पाणी द्यावे आणि युरियासारखे नत्रयुक्त खत तूर्त थांबवावे. पावसाळी हवेने उष्मा उतरला की फळधारणा पुन्हा सुरू होते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागदावर बारीक किडे दिसले, तसेच एका झाडाच्या शिरा जाड आढळल्याने ते उपटले. त्या कुंडीतील माती पुन्हा वापरता येईल का?

प्रतिसाद 1
येईल. पांढऱ्या माशीने पसरणारा हा विषाणू मातीतून पसरत नाही. मात्र फुलकिड्यांची कोषावस्था मातीत जाते, म्हणून माती पातळ पसरून कडक उन्हात चांगली तापवावी आणि मगच नवे रोप लावावे.