अभंगाला चार आवाजांची चाल बांधतेय, पण शब्दच कळेनासे झालेत. मदत हवी

ओवीची_लेक:
नमस्कार मंडळी. आम्ही जर्मनीत असतो, इथल्या मराठी मंडळाचा गाण्याचा गट आहे, २२ जण, १४ बायका ८ पुरुष. आषाढीला तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान' करायचं ठरलंय, पण नेहमीच्या चालीत नाही, मी नवीन चाल बांधलीय भीमपलास रागात आणि सोप्रानो आल्टो (बायकांचा वरचा-खालचा आवाज) टेनर बास (पुरुषांचा वरचा-खालचा) असे चार भाग लिहिलेत. मी लहानपणी पेटी शिकले आणि इथे आल्यावर सहा वर्षं चर्चच्या क्वायरमधे गाते, म्हणजे दोन्हीकडचं थोडं थोडं येतं. पहिल्या तालमीचं रेकॉर्डिंग आईला पाठवलं तर ती म्हणाली छान वाटतंय गं पण कुठला अभंग आहे? अक्षरशः रडू आलं मला. चारही आवाज वेगवेगळ्या वेळी शिरतात आणि शब्द हरवतात हे कळतंय, पण सगळं एका सुरात केलं तर मग चार भाग लिहायचे कशाला? शिवाय शेवटाकडे ऐकताना भीमपलास वाटतच नाही, का ते सापडत नाहीये.

पेटीवाला_सातारा:
ताई, रागाचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. तुमचा सा पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी) असेल असं धरतो. मग भीमपलासाचे सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात, ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. आता क्वायरची सवय अशी की शेवटी सा वर यायचं तर आधी पंचमाचा कॉर्ड (प, नी, रे एकदम) घ्यायचा आणि त्यात काळी एक (पहिली काळी पट्टी) लावायची, म्हणजे शुद्ध नी. ती काळी एक वाजली की भीमपलास संपला. तुमच्या शेवटच्या ओळीत नक्की तेच झालं असणार, बघा एकदा. त्या जागी कोमल नी ठेवा, किंवा मधला स्वर काढूनच टाका आणि नुसता प आणि रे ठेवा, रिकामं वाटेल असं वाटतं पण खाली सा-प चा तंबोरा चालू असला की नाही वाटत. आणि धैवत, रिषभ (ध, रे) आरोहात, म्हणजे सूर चढताना, घेऊ नका, कॉर्ड भरायला म्हणून आल्टोला चढताना ध दिला जातो आणि मग चालीतलं वळण पुसलं जातं.

टाळकरी७७:
राम कृष्ण हरी. मला कॉर्डमधलं काही कळत नाही पण वारीत आणि गावच्या भजनात तीस वर्षं टाळ धरलाय म्हणून शब्दांबद्दल बोलतो. अभंगाची अक्षरं मोजा माऊली. सुंदर ते ध्यान सहा, उभे विटेवरी सहा, कर कटावरी सहा, ठेवोनिया चार. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे एका चरणाला एक आवर्तन, ठेक्याचा एक पूर्ण फेरा. सहा अक्षरं आठ मात्रांत बसवायची तर दोन मात्रा उरतात, त्या शेवटून दुसऱ्या अक्षराला द्या, ध्याऽऽन, विटेवऽऽरी. 'न' वर थांबू नका, बावीस माणसं 'न' लांबवायला लागली की कुणी नऽ म्हणतो कुणी ना म्हणतो आणि शब्दाचा चिखल होतो. शेवटच्या ठेवोनियाला मात्र चारच अक्षरं, प्रत्येकाला दोन मात्रा मिळतात. तुमचे ते चार आवाज उलगडायची जागा तीच आहे, तुकोबांनीच मोकळी सोडलीय. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला आहे, विटेवरी कटावरी, तिथं 'री' वर सगळ्यांनी एकदम पोचायचं, एकजण जरी मागंपुढं झाला तर यमक ऐकूच येत नाही. आणि कर कटावरी एकामागून एक शिरून म्हणू नका हो, लांबून नुसतं करकर करकर ऐकू येतं.

नगरची_आल्टो:
टाळकरी दादांचं शंभर टक्के पटलं. मी आमच्या चर्चच्या क्वायरमधे आल्टो गाते, आमच्याकडे हा प्रश्न पिढ्यान्पिढ्या आहे. जुनी भाषांतरित गीतं परदेशी चालींवर बसवलेली, तिथे शब्द मधेच तुटतो, लांब स्वर ऱ्हस्व अक्षरावर येतो आणि अर्थ लागत नाही. ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या घाटात लिहिलेली गीतं मात्र आजी पाठ म्हणायची, पुस्तक न उघडता, कारण अक्षरांची ठेवण कानाला आधीच ओळखीची. तेव्हा चार भाग ठेवाच, पण शब्द एका वेळी एकाच आवाजाकडे द्या, बाकीच्यांनी आकारात (नुसत्या 'आ' वर) किंवा 'विठ्ठल' एवढ्याच शब्दावर थांबायचं. पुढचं कडवं बघितलंत का? 'तुळसी हार गळां' लिहिताना सात अक्षरं होतात, बोलताना तुळ्सी म्हणतो म्हणून सहा. 'आवडे निरंतर' पण तसंच, आव्डे. चौघांच्या कागदावर एकसारखं लिहा नाहीतर सोप्रानो तु-ळ-सी म्हणणार आणि बास तुळ्सी.
अजून एक, पांढरी दोन हा सा धरला तर बायकांना सारखं वरच्या सा पर्यंत जाणं झेपणार नाही, न शिकलेल्या आवाजांना तर नाहीच. चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) प ते मध्य (मधल्या सप्तकातल्या) प-नी एवढ्यात ठेवा, वरचा सा एकदाच, आणि तोही ठेवोनियावर.

ओवीची_लेक:
कसे आभार मानू तुमचे. काल रात्री बसून बघितलं, शेवटच्या ओळीत टेनरला खरंच काळी एक लिहिली होती मी, हात आपोआप गेला असणार. काढली. पहिले तीन चरण सगळे एकत्र एकाच सुरात, पुरुष खालच्या सप्तकात, आणि ठेवोनियावर चार आवाज उघडतात असं केलं. रविवारी बारा जणच आले तालमीला तरी 'ठेवोनिया'ला अंगावर काटा आला. तुळसी हारची सात अक्षरं अजून नीट बसत नाहीयेत, पहिली दोन एका मात्रेत घेतली की टेनर मागे राहतात.

टाळकरी७७:
माऊली, टेनरवाल्यांना टाळ द्या हातात. टाळ वाजवत म्हणा म्हणावं, 'तुळ' आपोआप एका ठोक्यात येईल. आईला नवीन रेकॉर्डिंग पाठवलं का?

ओवीची_लेक:
पाठवलं. ती फोनवर पुढची कडवी म्हणायला लागली.