फ्लरूसचा फुगा: फ्रेंचांनी बलूनपथक मोडलं ते योग्यच होतं

गडकोट
आजच्या बेल्जियममधली फ्लरूसची लढाई (२६ जून १७९४) फ्रेंचांना टेहळणीच्या फुग्याने जिंकून दिली, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. मला हे अजिबात पटत नाही. कॅप्टन कुतेल आणि जनरल मोर्लो फुग्यात बसून नऊ-दहा तास वर होते, हे खरं. पण बातमी खाली कशी यायची? चिठ्ठी लिहायची, वाळूच्या पिशवीला बांधून दोरावरून सोडायची, मग कुणीतरी ती घेऊन सेनापती जुर्दांकडे धावायचं. तोवर शत्रूची तुकडी जागेवर थांबणार आहे का? ऑस्ट्रियन सेनापती कोबुर्ग शार्लरवाच्या ठाण्याला फ्रेंचांनी घातलेला वेढा उठवायला आला होता. ते ठाणं आदल्याच दिवशी फ्रेंचांच्या हाती पडलंय हे कळल्यावर तो मागे फिरला. यात फुग्याचं श्रेय किती?

शिवाय खटाटोप बघा. फ्रान्समधल्या मोबझ गावी विटांची भट्टी बांधली, लोखंडाच्या किसाने भरलेल्या नळ्या लालबुंद तापवल्या, त्यांतून वाफ सोडली, तेव्हा कुठे हायड्रोजन मिळाला. फुगा भरायला दीडेक दिवस. १७९६ मध्ये वुर्त्सबुर्गला ऑस्ट्रियनांनी फुगा आणि पथक दोन्ही पकडलं. इजिप्तच्या मोहिमेतलं पथकाचं सामान १७९८ मध्ये अबुकीरच्या आरमारी लढाईत जहाजांबरोबर नष्ट झालं. १७९९ मध्ये पथक मोडलं आणि नेपोलियनने ते पुन्हा उभं केलं नाही. त्याची सगळी मदार वेगावर होती.

शास्त्रवेडी
गडकोट, ज्याला तुम्ही खटाटोप म्हणताय ती त्या काळातली थोर कामगिरी आहे. आम्लापासून हायड्रोजन काढणं सोपं होतं, पण आम्लाला गंधक लागतं आणि सगळं गंधक बंदुकीच्या दारूसाठी राखलेलं. म्हणून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिएच्या प्रयोगाचा आधार घेतला: तापलेलं लोखंड वाफेतला ऑक्सिजन धरून ठेवतं, हायड्रोजन मोकळा होतो. ज्याच्या विद्येवर हा फुगा उडाला त्याला ८ मे १७९४ ला गिलोटिनखाली मारलं, फ्लरूसच्या जेमतेम सात आठवडे आधी. हे वाचताना आजही राग येतो.

आणि सैन्य पुढे गेलं म्हणून काही अडलं नाही. भरलेला फुगाच जवानांनी दोर धरून मोबझहून शार्लरवापर्यंत चालत नेला, खालून घोडेस्वार जातील इतका उंच धरून.

तारवाला
बातमी पोचण्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो दोष सुटला. अमेरिकेच्या यादवीत उत्तरेच्या बाजूच्या थॅडियस लो याने फुग्यात तारयंत्रच नेलं. २४ सप्टेंबर १८६१ ला तो व्हर्जिनियात वर गेला आणि तारेने सांगत राहिला. खालच्या गोलंदाजांनी त्यावर भरवसा ठेवून न दिसणाऱ्या शत्रूवर तोफा डागल्या. कल्पना चुकीची असती तर ६०-७० वर्षांनी कुणी तिच्या वाटेला गेलं असतं का?

गडकोट
आणि त्याचा उपयोग? १८६२ च्या एप्रिलमध्ये यॉर्कटाउनसमोर लोचे फुगे उडत होते. पलीकडे दक्षिणेचा सेनापती मॅग्रुडर, त्याच्याकडे सुरुवातीला जेमतेम १३ हजार माणसं. तीच ती फिरवून त्याने मोठी फौज असल्याचा देखावा केला आणि उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन महिनाभर वेढा घालून बसला. वरून तंबू दिसतात, धूर दिसतो. माणसं मोजणं वेगळं.

शास्त्रवेडी
मॅक्लेलनचं बिचकणं फुग्याच्या माथी मारू नका! त्याला हेर पिंकर्टनचे फुगवलेले आकडे खरे वाटत होते. फुगा खरंच निरुपयोगी असता तर दक्षिणेच्या सैन्याने स्वतःचा का उडवला? ब्रायन नावाच्या तरुण अधिकाऱ्याला त्यांनी त्याच यॉर्कटाउनला गरम हवेच्या फुग्यातून वर पाठवलं. हायड्रोजनची सोय नव्हती, म्हणून खाली पाइनची लाकडं आणि टर्पेंटाइन पेटवून धुराने सुती फुगा भरला.

पवनचक्की
वेगाच्या मुद्द्यावर बोलतो. १६ जून १८१५, लिन्यीची लढाई. प्रशियन फौज बघायला नेपोलियन कुठे चढला? फ्लरूसच्या पवनचक्कीवर! एकवीस वर्षांपूर्वी ज्या गावावर फ्रेंचांचाच फुगा तरंगला होता, तिथे सम्राट पवनचक्कीवरून दुर्बीण लावून उभा. उंचीची गरज त्यालाही होतीच. लढाई जिंकली, पण हरलेले प्रशियन गेले कुठे हे नीट कळलं नाही. नेपोलियनचा सरदार ग्रूशी त्यांना शोधत राहिला, ते वाव्र गावी गोळा झाले आणि दोन दिवसांनी वॉटर्लूला येऊन थडकले. शोधायला एक फुगा असता तर?

गडकोट
प्रशियन मागे हटले रात्री. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, दुपारनंतर धो धो पाऊस. चिखलातून तोफा ओढवत नव्हत्या, तिथे दोर धरून फुगा कुणी नेला असता? आणि अंधारात वरून दिसलं काय असतं?

पवनचक्की
रात्र सोडा. १७ ची अख्खी सकाळ कोरडी होती आणि नेपोलियनने ती वाया घालवली. ग्रूशीला पाठलागावर धाडलं तेच दुपारच्या सुमाराला. त्या सकाळचं बोला.