अनुभव धागा: दरोड्याच्या एस्केप रूममध्ये तुमच्या टोळीत कोण काय निघालं?

धागाकर्ती, छत्रपती संभाजीनगर

एस्केप रूम म्हणजे खोलीत शिरून कोडी सोडवत ठरलेल्या वेळेत बाहेर पडायचा खेळ. भुताचा वाडा, तुरुंग, वेड्या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा असे त्याचे पुष्कळ प्रकार असतात. हा धागा फक्त दरोड्याच्या खोल्यांसाठी आहे. बाकीच्या खोल्यांत नुसतं बाहेर पडायचं असतं. इथं आधी आत शिरायचं, तिजोरी गाठायची, माल उचलायचा आणि ६० मिनिटं संपायच्या आत निघायचं. काही ठिकाणी हिरा हाती लागला तरी बाजूला नोटांची बंडलं आणि सोन्याच्या विटा मांडलेल्या असतात. जेवढं न्याल तेवढे गुण. शेवटच्या काही मिनिटांत निम्मी टोळी म्हणते ‘चला’ आणि निम्मी म्हणते ‘थांब, अजून एक पेटी’. माणसं कळतात ती तिथंच.

जपानात क्योटोला २००७ साली ताकाओ काटो यांनी हा खेळ सुरू केला असं मानतात. आपल्या भागात तो आता आता आला, आणि अजूनही बरेचजण पुण्याला गेल्यावरच खेळतात. तेही लिहा.

माझा अनुभव थोडक्यात. आम्ही नणंदा-भावजया गेलो होतो. सराफाच्या दुकानाचा देखावा होता. जावा भराभर कप्पे ओढत होत्या, मी टॉर्च घेऊन भिंती बघत होते. थोरल्या वन्सं मात्र गल्ल्यावरची हिशेबाची वही घेऊन खुर्चीवर बसल्या. आम्हाला वाटलं दमल्या. त्या वर्षानुवर्षं भिशी चालवतात. दोन पानं उलटून म्हणाल्या, “ह्या चार रकमांची बेरीज खोटीय गं. फरक किती येतो बघ.” तो फरक म्हणजेच कुलपाचा आकडा होता. त्यानंतर वन्संना विचारल्याशिवाय कुणी कप्प्याला हात लावला नाही.

लिहा आता. जिंकलात की हरलात याला महत्त्व नाही.

उदगीरकर

आम्ही कॉलेजची जुनी पोरं. एकानं बुकिंग केलं, बाकीचे शिव्या देत आले. लेझरची गल्ली, त्यापुढं संग्रहालय, त्यापुढं हिरा. लेझरमध्ये धूर सोडलेला असतो म्हणून लाल रेषा दिसतात. त्यातून आमचा सगळ्यात जाड गडी पहिल्या फटक्यात गेला आणि जिमला जाणारा तीनदा अडकला. दरवेळी भोंगा वाजायचा आणि घड्याळातली मिनिटं कापली जायची.

हिऱ्याच्या पेटीपाशी आलो आणि लाइट गेली. खरी लाइट. एवढ्या अंधारात टक् असा आवाज आला आणि पेटीचं दार आपोआप सैल झालं. आम्ही सगळे गप्प. मग मागून एकजण, “काय बघूलालास बे, उचल की!”

उचलला. जनरेटर सुरू झाल्यावर खेळ चालवणारा मुलगा आत आला, म्हणाला ही चोरी धरता येणार नाही, पेटी परत लावा. आमचं म्हणणं असं की दरोडेखोरानं लाइट जायची वाट बघायची नाही तर कशाची बघायची? वाद बराच चालला. शेवटी त्यानं वेळ वाढवून दिला आणि आम्ही कोडं सोडवून तोच हिरा परत चोरला. पण आमच्या ग्रुपवर पहिलीच चोरी खरी मानतात.

गेमवाला, मूळ गाव अंबाजोगाई

उदगीरकर, त्या पोराच्या जागी मी असतो तर मला लई हसू आलं असतं. मी पुण्यात शिकताना एका एस्केप रूममध्ये गेम मास्टर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून खेळ चालवणारा, होतो. तुमच्या पेटीला चुंबकी कुलूप असणार. वीज चालू असेपर्यंत ते चुंबक दार धरून ठेवतं. वीज गेली की सोडतं. हा दोष नाही, मुद्दाम तशी रचना असते, म्हणजे आग लागली किंवा वीज तुटली तर माणसं आत अडकू नयेत. पेट्यांना बॅटरी जोडली तरी चालतं, बाहेरच्या दाराला मात्र तसा घोळ नको.

हे गमतीवारी नेऊ नका. पोलंडमधल्या कोशालिनला जानेवारी २०१९ मध्ये एका एस्केप रूमला आग लागून वाढदिवस साजरा करायला आलेल्या १५ वर्षांच्या पाच मुली गेल्या. आग बाहेरच्या खोलीत लागली होती आणि त्यांना निघायला वाट नव्हती. म्हणून आत जाण्याआधी सरळ विचारायचं: दार आतून उघडायचं बटण कुठं, दुसरी वाट कुठं, तुम्ही कॅमेऱ्यावर सतत बसणार ना? जो माणूस उत्तर द्यायला चाचरतो तिथं पैसे देऊ नका.

आता कॅमेऱ्यातून काय दिसतं ते सांगतो. दहातल्या आठ टोळ्या पहिल्या पाच मिनिटांत एकच कप्पा तीन जणांनी तीनदा तपासतात. ज्याला किल्ली सापडते तो ती खिशात घालतो आणि सांगत नाही. मग पंधरा मिनिटांनी सगळे किल्ली शोधतात, तो पण शोधतो! हुशार माणसं जास्त असली की टोळी हमखास अडकते, कारण प्रत्येकजण मनातल्या मनात सोडवतो. ज्या टोळीत एखादी बडबडी मावशी असते, “हे बघा निळा पेला, ह्याच्यावर बदक आहे, इथं पण बदक आहे,” ती सुटते. किल्ली, आकडा, चित्र, जे सापडेल ते ओरडून सांगायचं आणि एका टेबलावर ठेवायचं. वापरून झालेली किल्ली कुलपातच राहू द्यायची, ती बहुतेक ठिकाणी परत लागत नाही.

आणि हात जोडून सांगतो, विजेचे बोर्ड आणि छताच्या टाइल्स उचकटू नका. तिथं काही नसतं. आम्ही सुरुवातीलाच सांगतो, तरी दर आठवड्याला कुणीतरी स्क्रू काढायचंच.

निवृत्त बँकवाला, लातूर

भाच्यांनी ओढून नेलं. विषय बँक लुटायचा, म्हणून ‘मामा पाहिजेच’. आयुष्य स्ट्राँगरूमच्या किल्ल्या सांभाळण्यात गेलं, ती फोडायला जायची वेळ आली.

आत गेल्यावर माझं डोकं भलतीकडंच चालू झालं. मॅनेजरच्या टेबलावर कॅलेंडर, कॅलेंडरखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर तिजोरीचा आकडा. मी म्हणालो, असा मॅनेजर असता तर पहिल्याच ऑडिटला घरी गेला असता. भाची म्हणाली, “मामा, ऑडिट नंतर करा, आधी चोरी करू.”

एक गोष्ट मात्र त्यांनी झकास केली होती. शेवटच्या तिजोरीला दोन किल्ल्या, खोलीच्या दोन टोकांना, आणि दोन्ही एकाच वेळी फिरवायच्या. एका माणसाचे हात पोचतच नाहीत. खऱ्या बँकेतही तसंच असतं. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडं असतात, एकट्याला उघडता येत नाही. ग्राहकाचा लॉकरसुद्धा बँकेची किल्ली आणि ग्राहकाची किल्ली अशा दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. पोरांना हे समजावेपर्यंत तीन मिनिटं गेली असं ती म्हणतात. गेली असतील. पण “एक, दोन, तीन” म्हणून किल्ली फिरवायचा मान मलाच मिळाला.

शिक्षिका, सेलू

आमच्याकडं अशी खोली नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दिरांच्या गावातल्या जुन्या वाड्यात आम्हीच केली. हे सविस्तर लिहिते, कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

वाडा माळवदाचा. ढेलजेत सगळ्यांना जमवून गोष्ट सांगितली: सावकारानं गहाण ठेवून घेतलेली कागदपत्रं लपवलीत, ती पळवायची. म्हणजे चोरी केली तरी पोरं सज्जनच राहिली, आमच्या सासूबाईंची तेवढी अट होती. लेझरऐवजी मधल्या घरात लाल लोकर आडवी-तिडवी बांधली आणि पोळ्याच्या घुंगुरमाळा त्यात अडकवल्या. धक्का लागला की छुम्. सासूबाई पहारेकरी, त्यांनी आवाज ऐकला की त्या पोराला परत दारापाशी पाठवायचं. त्यांनी कुणालाही सूट दिली नाही, सख्ख्या नातवालाही.

देवळीत लिंबाच्या रसानं लिहिलेली चिठ्ठी ठेवली. कागद कोराच दिसतो, गरम इस्त्री फिरवली की अक्षरं तपकिरी उमटतात. इस्त्री मोठ्यांनीच धरायची. चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘आपण स्वतंत्र झालो ती तारीख.’ संदुकीला चार आकडी कुलूप. पुण्याच्या पोरांनी लगेच १५०८ लावलं. उघडेना. २६०१ लावलं. उघडेना. गावातली पाचवीतली पुतणी शाळेत झेंडावंदनाला जाते, ती म्हणाली, “आपण कुठं १५ ऑगस्टला झालो? १७ सप्टेंबर.” १९४८ चा मराठवाडा मुक्तिसंग्राम पुण्याच्या पोरांच्या पुस्तकात असेल-नसेल, कुलपाला १७०९ च हवं होतं.

संदुकीतल्या नकाशात कागदपत्रं ‘भिंतीच्या पोटात’ असल्याचं लिहिलं होतं. इथं पुन्हा शहरातली पोरं अडली, कारण भिंतीत धान्य साठवायचं बळद असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. ती भिंतीला कान लावून ठोकत बसली. पुतणी सरळ बळदाच्या तोंडाशी गेली आणि झाकण काढलं.

खर्च म्हणाल तर कुलूप, लोकर आणि चॉकलेटची सोनेरी नाणी. कोड्यांपेक्षा जास्त वेळ बळद साफ करायला लागला. आधी विंचू-काटा बघून घ्या, हे विसरू नका.

नांदेडहून एक

सेलूच्या बाई, तुम्ही तारीख कुलपाला लावली म्हणून सुचलं. आपल्या भागात खरा राजकीय दरोडा झालेला आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४८ साली आमच्या जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि तो पैसा लढ्यासाठी नेला. परदेशी कॅसिनो आणि कुठल्यातरी राणीचा हिरा कशाला? उमरीवर खोली करा. मुलं इतिहास घोकण्याऐवजी खेळतील.

हिंगोली

नांदेडकर, माफ करा, पण मला ते पटत नाही. उमरीला जी माणसं गेली त्यांना टायमर संपला तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं म्हणणारं कुणी नव्हतं. रझाकारांच्या काळात सापडले असते तर काय झालं असतं ते आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलंय. त्याचं प्रदर्शन करा, नाटक करा. गुण मोजू नका.

नांदेडहून एक

गुण न मोजता करू. पळवून आणलेल्या पैशाचा हिशेब लिहून चळवळीच्या स्वाधीन करणं, हाच खेळाचा शेवटचा टप्पा ठेवू. तुम्ही पण या बनवायला.

जालना

आम्ही हरलो. चकव्यासाठी ठेवलेल्या खोट्या तिजोरीवर पूर्ण वेळ घालवला. बायको अजून म्हणते ती खोटी नव्हतीच.

बीड

माझ्या आईला बंद खोलीत गुदमरतं, म्हणून ती आत यायला तयार नव्हती. चालवणाऱ्या मुलानं तिला बाहेर पडद्यासमोर खुर्ची दिली, चहा दिला आणि आमची वॉकीटॉकीही तिच्या हातात दिली. हे त्यानं का केलं देव जाणे.

आम्हाला तीन हिंट मिळणार होत्या. आईनं मोजल्याच नाहीत. “अरे बापू, त्या फोटोच्या मागं बघ की.” “ताईला म्हणावं ओढणी आवर, त्या तारेत अडकंल.” मधेच, “हा पोरगा गेवराईचा हाय म्हणं, आपल्या मावशीच्या गावाकडचा.” तो मुलगा मागून, “काकू, उत्तर सांगायचं नसतं,” म्हणत होता आणि ती त्याला, “तू च्या घे, मी बघते,” म्हणत होती.

शेवटी दोन मिनिटं उरली तेव्हा हिरा आमच्या हातात होता, नोटांची बंडलं समोर होती आणि भाऊ ती भरायला काहीतरी शोधत होता. वॉकीटॉकी खरखरली:

“वायरची पिशवी माझ्याकडंच राह्यली रं. दार उघडाय लाव ह्याला, मी आत देते.”