जास्वंद जगली कशी, रुसली कशी: कोल्हापूरकरांचे अनुभव

राजारामपुरी, गच्चीवरची बाग

श्रावण लागला. गच्चीत जास्वंदीच्या सात कुंड्या आहेत. त्यातली पिवळी, मोठ्या फुलाची, गेल्या वर्षी हौसेनं आणलेली. रोज सकाळी तिच्या बुडाशी चार-पाच कळ्या पडलेल्या असतात. कळी चांगली शेंगदाण्याएवढी होते, टोकाला पिवळा रंग डोकवायला लागतो आणि देठच पिवळा पडून टप्. शेजारच्या लाल गावठीला मात्र काही धाड भरलेली नाही. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागलीया, मीठमोहऱ्या ओवाळून टाक." ओवाळल्या. दुसऱ्या दिवशी सहा पडल्या.

गणपतीला महिना आहे. तेव्हा मंडळी, जास्वंदीचं तुमच्या हातून जे काही झालं ते लिहा. मोबाईलवर वाचलेलं नको, ते केळ्याच्या सालीवर सुरू होतं आणि केळ्याच्या सालीवरच संपतं. स्वतःच्या कुंडीतलं सांगा. मेलेल्या झाडाचं सांगितलंत तर जास्त बरं.

मंगळवार पेठ

आमच्या जुन्या घराला न्हाणीचं पाणी बाहेर पडायचं तिथं लाल जास्वंद होती. आईनं लावली असं आम्ही म्हणायचो, पण खरं म्हणजे दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून खोचलेली काडी फुटली होती. दोडका गेला, आधार राहिला. कौलाला टेकेल एवढी झाली. खत म्हणून तिनं कधी काही बघितलं नाही. चुलीतली राख मात्र आई तिकडंच टाकायची.

घर पाडून अपार्टमेंट करायचं ठरलं तेव्हा मृगात चार काड्या काढल्या. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, अगदी कोवळीही नको आणि अगदी जूनही नको. डोळ्याच्या लगेच खाली तिरका काप. शेंड्याची दोनच पानं ठेवली, तीही निम्मी कापून. निम्मी वाळू, निम्मी माती, आणि सावली. आई म्हणाली, "आता महिनाभर तिकडं बघू नगंस."

मी बघितलं. आठव्या दिवशी एक काडी उपटून मूळ फुटलं का ते तपासलं, परत खोचली. पाच दिवसांनी परत. ती मेली. ज्या तीन विसरलो त्या तिन्ही लागल्या. एक माझ्या बाल्कनीत आहे, एक बहिणीकडं इचलकरंजीला, एक अपार्टमेंटच्या गेटजवळ. आई आता नाही.

राजारामपुरीच्या ताई, तुमच्या पिवळीच्या कुंडीखाली ताटली आहे का? असली तर आधी ती काढा. आपल्याकडच्या पावसात ताटली म्हणजे झाडाचे पाय चोवीस तास पाण्यात.

शाहूपुरी

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराचं सांगतो. आमचं तळमजल्याचं घर. आठ कुंड्या आणि कंपाउंडच्या कडेला जमिनीत दोन जास्वंदी. पाणी आलं तेव्हा माणसं, गॅस सिलिंडर आणि कागदपत्रं वर नेली, झाडांची कुणाला आठवण होती? हायवे बंद, दुधाची बोंब, आम्ही पाहुण्यांकडं. परत आलो तर सगळ्यावर राखाडी गाळ. पानं अशी दिसत होती की कुणीतरी झाड शाडूत बुडवून काढलंय.

माझ्या मनानं घेतलं, आता यांना ताकद द्यायला पाहिजे. म्हणून कुंड्यांत शेणखत घातलं, वर पाणी. पहिल्या पंधरवड्यात सहा कुंड्या गेल्या. एक उपडी केली तर मुळं काळी, बोटानं ओढली की साल हातात आणि आतला दोरा तेवढा शिल्लक. वास असा की कुंडी तिथंच टाकून मी लांब झालो. बुडालेल्या मुळांना हवा पाहिजे होती, मी त्यांना जेवण वाढत होतो.

जमिनीतल्या दोघींकडं तेवढं लक्षच गेलं नाही. बायकोनं एका रविवारी पाइपनं पानं धुतली आणि बुंध्याभोवतीचा चार बोटं गाळ खुरप्यानं ओढून काढला, एवढंच. सगळी पानं झडली, काटक्या राहिल्या. ती नखानं काडी खरवडून बघायची, "आत हिरवी हाय, ऱ्हाऊ द्या." नवरात्रात बुंध्यापासून फुटवे आले.

२०२१ च्या जुलैत परत तेच. या वेळी पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली म्हटल्यावरच कुंड्या जिन्यात नेल्या, ४३ च्या धोका पातळीची वाट बघितली नाही. जमिनीतल्या परत बुडाल्या, परत झडल्या, परत फुटल्या. आता घरात पाणी आलं की मुलगा म्हणतो, जास्वंद बघा, ती काय करते तेच आपण करायचं.

वडणगे

मी ऊसवाला माणूस. घराम्होरं सुनेनं गुलाबी डबल जास्वंद लावली. वर्ष झालं, फूल नाही. म्हटलं, थांब, माझ्याकडं औषध आहे. उसाला टाकून उरलेला युरिया होता, मूठभर टाकला. महिन्यानं आणि मूठभर. झाड असं माजलं की पानं तळहाताएवढी, काळीभोर, बघणारा थांबायचा. फूल एक नाही. सून काय बोलली नाही, कारभारीण बोलली, "त्यो काय ऊस हाय व्हय? पाल्याचं वजन करून कारखान्याला घालायचाय?"

आयुष्यभर दुसऱ्याला सांगत आलो की नत्र जास्त झालं की नुसता पाला सुटतोय, आणि स्वतःच्या दारात तेच केलं. मग सगळं बंद केलं. आता दोन महिन्यांनी एकदा भिजवलेली शेंगदाण्याची पेंड, पातळ करून, आणि थोडी राख. फुलं येत्यात. कुंडीवाल्यांना एक सांगणं: आमच्यातली काळी माती नेऊ नका. शेतात सोनं असली तरी कुंडीत तिचा गोळा होतोय, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात वीट. पन्हाळ्याच्या अंगाची तांबडी माती एक घमेलं, पक्कं कुजलेलं शेणखत एक घमेलं, वाळू अर्धं. आणि साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, कुणी फुकट दिली तरी ताजी घालू नका. हात घालून बघा, गरम लागते. कुजून गार झाल्यावरच.

कसबा बावडा

मी केशरी जास्वंद आणली होती, मध्यभागी लालबुंद, ताटलीएवढं फूल. नर्सरीवाला म्हणाला, "ऑस्ट्रेलियन आहे." दोन वर्षं फुलली. तिसऱ्या वर्षी झाड जोमात आलं, उंच झालं, आणि फुलं आली साधी लाल, पाच पाकळ्यांची. मी नर्सरीत जाऊन भांडून आले की तुम्ही रंग मारून विकता.

तो बिचारा घरी आला. बसून मातीजवळ बोट ठेवलं. तिथं बुंध्यावर गाठ होती, आणि सगळ्या जोमदार फांद्या त्या गाठीच्या खालून निघालेल्या. म्हणजे कलम. खाली गावठी, वर केशरी. गावठीनं खालून फुटवे काढले, मी कौतुकानं वाढवले, वरची केशरी उपाशी मेली. तिची वाळकी काडी त्या गर्दीत अजून उभी होती. आता नवीन कलम आणलंय. दर रविवारी खाली वाकून बघते आणि गाठीखालचा कोंब दिसला की अंगठ्यानं मोडते.

ताराबाई पार्क

खत, पाणी, कीड सगळं जमलं. चोरांचं काय करायचं ते सांगा. पहाटे साडेपाचला फिरायला निघालेली सभ्य माणसं, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि एकाकडं तर टोकाला तार वाकवलेली काठी. देवाला घालायची फुलं, म्हणजे ती चोरी नव्हेच! मी पाचला उठून खुडायला लागले, तर ते पावणेपाचला यायला लागले.

शेवटी एका मैत्रिणीनं सांगितलं, उद्या उमलणारी फुगलेली कळी आज संध्याकाळीच खुडून ठेव. ठेवली. सकाळी ताटात आपोआप उमललेली. पाणीसुद्धा लागलं नाही. एक दिवसाचं फूल, त्याचा दिवस ते कुठंही पुरा करतं. आता चोर हात हलवत जातात आणि मला वाईट वाटतं, का कोण जाणे.

नागाळा पार्क

एक ओळीचा अनुभव. गणपतीत भरगच्च दिसावी म्हणून पंधरा दिवस आधी छाटली. नवीन फुटीच्या शेंड्यालाच कळी धरते हे माहीत नव्हतं. फुललं थेट दिवाळीत. गणपतीला कपिलतीर्थ मार्केटातून फुलं विकत आणली, स्वतःच्या झाडासमोरून घेऊन आलो. ताई, तुम्हीही आता कात्री लावू नका.

शिवाजी पेठ, निवृत्त शिक्षक

जास्वंदीनं माझी नोकरी चालवली असं म्हटलं तरी चालेल. फुलाचे भाग शिकवायला हिच्यासारखं फूल नाही. ब्लेडनं उभं चिरलं की सगळं पोरांच्या डोळ्यांसमोर: पाच पाकळ्या, मधली नळी, नळीवर पुंकेसरांची गर्दी, टोकाला पाच मखमली ठिपके. डबल जास्वंदीत त्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या दिसतात, काही तर निम्म्या पाकळी, निम्म्या पुंकेसर अशा अडकलेल्या. लाल पाकळ्या गरम पाण्यात टाकायच्या आणि ते पाणी दोन ग्लासांत. एकात लिंबू पिळलं की लालभडक, दुसऱ्यात खायचा सोडा टाकला की हिरवट. मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा पुढं यायचा.

लिनियसनं १७५३ साली हिला रोझा-सायनेन्सिस म्हटलं, म्हणजे चीनचा गुलाब. गुलाबाशी हिचं सोयरसुतक काही नाही. हिची भाऊबंदकी भेंडी, कापूस, अंबाडी यांच्याशी. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि नातवासाठी भेंडीची कुंडी जास्वंदीला चिकटून ठेवली. महिन्यात दोघींवर पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यांना कापूस लावल्यासारखं पांढरं, पानं मुरगळलेली, खाली चिकट.

तीन वेळा फवारलं, तीन वेळा परत आलं. मग एका दुपारी स्टूल टाकून नुसता बघत बसलो. बुंध्यावरून मुंग्यांची रांग वर चाललेली. ढेकणांचा गोड पाझर खायचा आणि बदल्यात त्यांची राखण करायची, असा त्यांचा व्यवहार. वारूळ फरशीच्या फटीत होतं. ते आधी बंद केलं. मग फार बरबटलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले, उरलेल्यांवर जुना टूथब्रश फिरवला, आणि लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, चार थेंब भांडी घासायचा साबण, दिवस मावळल्यावर, पानाच्या खालूनसुद्धा. आठ दिवसांच्या अंतरानं तीनदा. भेंडी आता गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

ताई, एक करा. पडलेली कळी नव्हे, झाडावरची, पडायला आलेली. पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारा. काय पडतं ते सांगा.

फुलेवाडी

उरलेला चहा घालू नका. गाळातली साखर, आणि मग वरच्या सरांच्या मुंग्या.

राजारामपुरी, परत

सरांनी सांगितल्यावर त्याच संध्याकाळी वहीचं पान फाडलं आणि टिचकी मारली. आधी काहीच दिसलं नाही. चष्मा लावला तर स्वल्पविरामाएवढे पिवळट किडे कागदावर सैरावैरा. फुलकिडे. कळी उघडली तर आतल्या पाकळ्यांवर तपकिरी रेघा, ओरखडल्यासारख्या. तीन कळ्या तपासल्या, तिन्हींत तेच. लाल गावठीच्या कळीतही दोन निघाले, पण ती बाई दाद देत नाही.

ताटली होतीच. काढली तर तिच्यात डासांच्या अळ्या. कुंडी चार विटांवर चढवली. पडलेल्या कळ्या मी आतापर्यंत 'खत होईल' म्हणून कुंडीतच सोडत होते. त्या वेचून साबणाच्या पाण्यात बुडवल्या. माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, शेतात टांगतात तसलं निळं चिकट कार्ड एका भाऊंनी आणून दिलं, ते काठीला लावलं. निंबोळी तेल तीनदा. मधे आठवडाभर चांगलं ऊनही पडलं. यातल्या कशानं गुण आला ते देव जाणे, कारण मी सगळंच एकदम केलं. मीठमोहऱ्यांमुळं, असं सासूबाईंचं म्हणणं.

काल एक कळी टिकली, हाताच्या अंगठ्याएवढी झाली. आज सकाळी सहाला वर गेले तर उमललेली. हळदीसारखा पिवळा, मध्यभागी मरून डोळा, पाकळीच्या कडेला बारीक झालर. तुम्हाला दाखवायचा फोटो काढावा म्हणून मोबाईल आणायला खाली आले. मोबाईल चार्जिंगला होता, आठ टक्के, म्हटलं जरा होऊ दे. चहा ठेवला. परत वर गेले तर नुसता देठ.

ताराबाई पार्कच्या ताईंचे चोर आमच्या तिसऱ्या मजल्यावर कुठून येणार? खाली आले. देवघरात गणपतीच्या डोक्यावर. सासूबाई जप थांबवून म्हणाल्या, "अगं, सांजच्याला मिटतंयच ते. म्हटलं पयलं फूल हाय, देवाला घालतो."

फोटो देवघरातलाच काढलाय. समईच्या उजेडात रंग जरा केशरी दिसतोय, पण आहे पिवळंच.