मदत हवी आहे: कुत्र्याची गेलेली भीती परत आली

आमचा कुत्रा चार वर्षांचा. एकदा नखं कापताना कटर खोल गेला, रक्त आलं. चूक माझीच. तेव्हापासून कटर तर सोडाच, ड्रॉवर सरकल्याचा आवाज आला तरी स्वारी पलंगाखाली!

महिनाभर रोज हॉलमध्ये बसून कटर नुसता समोर ठेवायचो, कापायचं काहीच नाही. हळूहळू तो जवळ यायला लागला, शेवटी तर कटर हुंगून माझ्या पायावर डोकं टेकवून झोपला. वाटलं, जिंकलो. मग दहा दिवस हे सगळं बंद होतं. परत कटर काढला तर कान मागे, शेपटी पायांत. गॅलरीत तर जवळच येईना.

थोडं वाचलं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांचंही असंच व्हायचं. तो मेट्रोनोम (ठराविक ठोके देणारं यंत्र) वाजवून अन्न द्यायचा, मग नुसत्या ठोक्यांनीही त्यांना लाळ सुटायची. अन्न न देता नुसता मेट्रोनोम वाजवत राहिलं की लाळ थांबायची, पण काही वेळ जाऊ दिला की पुन्हा सुटायची. म्हणजे जुनी सांगड पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते. शिवाय बूटन आणि बोल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये उंदरांवर दाखवलं की एका पिंजऱ्यात विरलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात परत येते. आमच्या गॅलरीचं कोडं बहुधा हेच.

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारतो: सराव सुरुवातीपासूनच वेगवेगळ्या खोल्यांत करायचा का? मध्ये मुद्दाम दोन-तीन दिवसांचे खाडे ठेवावेत का? कटरसोबत खाऊ दिला तर जास्त टिकतं, की तो फक्त खाऊसाठी येतो? आणि मधेच चुकून पुन्हा लागलं, तर सगळं पहिल्यापासून?