मदत हवी आहे : शाळेच्या वार्तापत्रात ‘वस्तुमान’ साजरं झालं, पुढचा अंक माझ्या गळ्यात

तलावपाळीची (धागाकर्ती)

मंडळी, घाईत आहे, म्हणून आधी मागणं सांगते, रडगाणं मागाहून. कॅथलिक शाळेतल्या बातम्या मराठीत लिहायच्या आहेत आणि त्यातले नेमके शब्द मला येत नाहीत. ज्यांच्या घरात, गावात, शेजारात हे शब्द रोज बोलले जातात त्यांनी हात द्या.

आता रडगाणं. मुलगी ठाण्यातच सिस्टरांच्या शाळेत तिसरीला आहे. प्राथमिक विभागाचं चार पानी वार्तापत्र निघतं, एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी आणि एकदा नाताळच्या. आजी-आजोबा दिनाला आलेल्या म्हाताऱ्यांनी ‘आम्हाला वाचता येईल असं काहीतरी द्या’ म्हटल्यावर यंदापासून एक पान मराठी झालं. दिवाळीच्या अंकात ते पान कुणीतरी इंग्रजी मजकूर ॲपमध्ये ओतून काढलं होतं. परिणाम असा: ‘जूनमध्ये नव्या वर्षाच्या आरंभी वस्तुमान साजरे करण्यात आले.’ ‘१५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि मरियेचे गृहीतक उत्साहात पार पडले.’ १ ऑक्टोबरला म्हणे ‘लहान फुलाची मेजवानी’ झाली आणि ‘वरिष्ठ बहिणीने’ मुलांना खाऊ वाटला.

माझे सासरे जन्मभर फिजिक्स शिकवत होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, “वस्तुमान साजरं केलं म्हणजे नेमकं काय केलं गं? तराजू आणला होता का?”

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हे पान निघालं तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. सिस्टरही हसल्या आणि हसता हसताच त्यांनी माझं नाव वहीत लिहून घेतलं.

या अंकात येणार आहे ते असं: ऑक्टोबरमधला रोझरीचा महिना, वर्गातल्या काही मुलांचं फर्स्ट कम्युनियन, ८ डिसेंबरचा मेरीचा सण (याला मराठीत काय म्हणतात?), नाताळचा देखावा, आणि इथे पूर्वी शिकवणाऱ्या एक वृद्ध सिस्टर नोव्हेंबरात गेल्या ती बातमी. ‘कैलासवासी’ लिहायला हात धजेना. शिवाय आमच्या गेटवरच्या मावशी निवृत्त होताहेत. त्यांच्यावर मला नीट लिहायचंय, ते शेवटी विचारते. छपाईला आठ दिवस आहेत.

कोपरीकर

गृहीतक उत्साहात पार पडलं! ताई, ते पान जपून ठेवा, लॅमिनेट करा. मदत काही करू शकत नाही, पण टायपिंग लागलं तर सांगा.

रमेदीची

ताई, मी मूळची वसईची, सध्या घोडबंदर रोडला. आमच्याकडे हे सगळं मराठीतच चालतं, त्यामुळे बिनधास्त विचारा.

वस्तुमान नाही, मिस्सा, म्हणजे इंग्रजीतलं ‘मास’, चर्चमधली मुख्य उपासना. स्त्रीलिंगी. ‘मिस्सेला गेलो’, ‘मिस्सा झाली’ असं बोलतो आणि लिहिताना ‘पवित्र मिस्सा अर्पण करण्यात आली’ असं लिहितो. ‘साजरी केली’ हे इंग्रजीतून घुसलेलं आहे, टाळा. १५ ऑगस्टला मरियामातेचं स्वर्गोन्नयन (इंग्रजीत ‘अझम्प्शन’, त्याचं गृहीतक झालं), म्हणजे तिला देहासकट स्वर्गात नेलं तो सण. ८ डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभव, म्हणजे मरिया स्वतः आईच्या पोटात आली तीच पापाच्या डागाविना, त्याचा सण. हा शब्द लहान मुलांच्या पानावर जड वाटत असेल तर ‘निष्कलंक मरियेचा सण’ लिहा, आजीलाही कळेल. लहान फूल म्हणजे संत तेरेजा, तिला प्रेमानं ‘लिटल फ्लॉवर’ म्हणतात. ते नाव भाषांतरित करायचं नसतं. जसं कुणी ज्ञानेश्वर माऊलींना इंग्रजीत मम्मी म्हणणार नाही. आणि ‘मेजवानी’ नको हो, सणाला सणच म्हणा.

फर्स्ट कम्युनियनला, म्हणजे मिस्सेतला प्रसाद मूल पहिल्यांदा घेतं त्या विधीला, प्रथम ख्रिस्तप्रसाद. रोझरीला जपमाळ. लेंटला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांना, उपवासकाळ, नाताळच्या आधीचे चार रविवार धरून आगमनकाळ. पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, धर्मग्राम, सिस्टरांना धर्मभगिनी, फादरांना धर्मगुरू. सिस्टर गेल्या त्यांच्यासाठी ‘ख्रिस्तवासी झाल्या’. आमच्याकडच्या मृत्यूच्या बातम्यांत हाच शब्द असतो.

चेंदणीच्या पलीकडे

वरच्या यादीतलं बरंचसं बरोबर, पण दोन-तीन ठिकाणी माझं जमत नाही. मी ठाण्याचा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक समाजातला. ठाण्यात ‘धर्मग्राम’ म्हटलं तर माझ्या आईलाही कळणार नाही, ती ‘पॅरिश’च म्हणते. ‘धर्मभगिनी’ छापलंत तर तिसरीची पोरं विचारतील की या कोण नव्या बाई. वसईचं मराठी वसईत शोभतं. ठाण्यातल्या शाळेच्या पानावर फादर, सिस्टर, पॅरिश असेच शब्द ठेवा, ते आता मराठीच आहेत.

तसं पाहिलं तर ‘मिस्सा’ तरी कुठला? पोर्तुगीज. नाताळ, पाद्री, क्रूस, तिथलेच. पाव, बटाटा, चावी, पगारही तिथूनच आले. तुरुंगसुद्धा, आणि गंमत म्हणजे ठाण्याचा तुरुंग ज्या किल्ल्यात आहे तो बांधायला काढला पोर्तुगीजांनीच. काम पुरं व्हायच्या आत, १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं. असो, विषय शाळेचा आहे.

दिवाळीच्या अंकात ‘कापणी उत्सव’ असंही काही छापलं होतं का? असेल तर तो आगेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. आता ठाण्यात भात कुठे पिकतो विचारू नका, लोंब्या बाहेरून आणतो, पण आणतो.

तलावपाळीची

होय! ‘कापणी उत्सवात विद्यार्थी कापले गेले’ असं वाक्य होतं, लाज वाटली म्हणून वर लिहिलं नव्हतं.

दोघांचं वाचून माझं ठरलं: सण आणि विधींची नावं रमेदीच्या यादीतली, माणसांची संबोधनं ठाण्यातली. चालेल ना?

रमेदीची

चालेल काय, धावेल. धर्मग्रामावरचा हक्क सोडला. :) पण ‘जपमाळ’ सोडू नका.

ऐरोलीचा नगरकर

मी ख्रिस्ती, पण प्रोटेस्टंट, नगरकडचा. एक सावधगिरी सांगतो. गूगलवर ‘ख्रिस्ती मराठी शब्द’ शोधलंत तर निम्मे आमचे सापडतील आणि ते कॅथलिक शाळेत बेसूर वाटतील. आमच्यात पाळक असतात, रविवारी उपासना असते, प्रभुभोजन असतं, बाप्तिस्मा असतो. कॅथलिकांत त्यालाच अनुक्रमे फादर, मिस्सा, ख्रिस्तप्रसाद आणि स्नानसंस्कार. अर्थानं अगदी एकच नाहीत, वाद घालायचा तर रात्र पुरणार नाही, पण तुमच्या पानापुरतं एवढं पुरे.

संतांची नावं मराठी बायबलमध्ये योहान, पेत्र, पौल, मत्तय अशी येतात. सणाच्या बातमीत ‘संत योहान’ छान दिसेल. वर्गातल्या पीटरला मात्र पेत्र करू नका, बिचारा घरी जाऊन रडेल.

सानपाड्याची बाई

मी नवी मुंबईत अशाच एका शाळेत मराठी शिकवते. बारा वर्षं शाळेचं मराठी पान काढलंय, त्यामुळे शब्दांपेक्षा खड्ड्यांबद्दल बोलते.

पहिला खड्डा छापखान्याचा. तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये लिहाल, तिथला माणूस ते जुन्या फॉन्टमध्ये घेईल आणि ‘ख्रिस्त’चा ‘खि्रस्त’ होईल. वर्षानुवर्षं लग्नपत्रिकांवर आणि पाट्यांवर हे पाहताय तुम्ही. शक्य असेल तर त्याला युनिकोड फॉन्टमध्येच लावायला सांगा आणि पीडीएफ नाही, कागदावर काढलेलं प्रूफ मागा. ‘ख्रिस्त’, ‘ख्रिस्तप्रसाद’, ‘स्वर्गोन्नयन’, ‘अर्पण’ हे चार शब्द बोट ठेवून तपासा. बाकीचं चुकलं तरी माफ होतं, देवाचं नाव फुटलेलं माफ होत नाही.

दुसरा खड्डा प्रथम ख्रिस्तप्रसादाचा. ती बातमी शाळेची की पॅरिशची, हे आधी सिस्टरांना विचारा. मुलं तुमच्या वर्गातली असली तरी तयारी रविवारच्या धर्मशिक्षणात होते आणि विधी चर्चमध्ये. कुणाचा वेगळ्या पॅरिशमध्ये असतो, कुणाचा गावी. आमच्याकडे एकदा पाच मुलांची नावं छापली आणि सहाव्याचा विधी पुढच्या महिन्यात होता. त्याची आई माझ्याशी वर्षभर बोलली नाही. नावं न छापता ‘आपल्या तिसरी-चौथीच्या काही मित्रमैत्रिणींनी यंदा प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकारला, त्यांचं अभिनंदन’ एवढंच लिहा. फोटो लावायचाच असेल तर पालकांना विचारून.

तिसरं, मुलांची वाक्यं घ्या. ‘जपमाळेच्या महिन्यात विद्यार्थ्यांनी भक्तिभावाने सहभाग घेतला’ हे कुणी वाचत नाही. ‘माझी माळ तुटली आणि मणी बेंचखाली गेले, मग मिसनी शोधून दिले’ हे सगळे वाचतात.

सडेतोड

एक शंका. इंग्रजी शाळा, तिचं एक मराठी पान, ते लिहिणार हिंदू आई आणि त्यात मिस्सा नि जपमाळ. उद्या पोरांना हेच शिकवतात म्हणून कुणी बोंब मारली की मग?

सानपाड्याची बाई

मारू दे. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणाही मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. आमच्याकडे कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात त्या तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. शाळेत काय झालं ते छापणं म्हणजे शिकवणं नव्हे. आणि मराठी पानाचं म्हणाल तर २०२० च्या कायद्यापासून राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. पोरं शिकतात ती भाषा वार्तापत्रात दिसली तर बिघडलं कुठे?

चेंदणीच्या पलीकडे

+१. आणि फादर थॉमस स्टीफन्स या धर्मगुरूंनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ नावानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली, त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलंय. जन्मानं इंग्रज माणूस. तेव्हा कुणी ‘हेवन’चं काय करू म्हणून ॲप उघडलं नव्हतं.

तलावपाळीची

सासऱ्यांना वैकुंठाचं वाचून दाखवलं. पंढरीला जाऊन आलेला माणूस, दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, “त्या पुस्तकाची प्रत मिळते का बघ.”

सिस्टरांना विचारलं. प्रथम ख्रिस्तप्रसादाची नावं काढली. बाई, तुम्ही माझं एक वर्ष वाचवलंत.

आता मावशी. अठ्ठावीस वर्षं गेटवर. मूळच्या मुरबाडकडच्या. दर डिसेंबरला भावाच्या शेतातून पेंढ्याची पेंडी एसटीनं आणून नाताळच्या देखाव्यात अंथरायच्या. सिस्टर दुकानातून आणतो म्हणाल्या तरी ऐकायच्या नाहीत, ‘बाळाला विकतचं टोचतं’ म्हणायच्या. गुरुवारी उपास करतात, गळ्यात तुळशीची माळ. मी असं लिहिलंय:

‘आमच्या मावशी या महिन्यात सेवानिवृत्त होत आहेत. अठ्ठावीस वर्षे त्यांनी शाळेच्या सुरक्षेची धुरा समर्थपणे सांभाळली. त्यांच्या निःस्वार्थ सेवेला आमचा मानाचा मुजरा. त्यांचे पुढील आयुष्य सुखसमृद्धीचे जावो.’

वाचलं आणि मलाच जांभई आली. काय करू?

रमेदीची

अहो ताई, पेंढा कुठे गेला? धागा लिहिताना जे लिहिलंत तेच पाठवा की! ‘बाळाला विकतचं टोचतं’ हे सोडून धुरा काय घेऊन बसलात?

ऐरोलीचा नगरकर

हेच म्हणणार होतो. मुजरा कापा. आणि देखावा नका म्हणू, तो गणपतीचा. नाताळचा गोठा म्हणा किंवा गव्हाणी. बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं, त्यात पेंढा असणारच. मावशींना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

सानपाड्याची बाई

तुळशीच्या माळेचा उल्लेख मात्र त्यांना विचारूनच करा. मला वाटतं नको. पेंढ्यातच सगळं आलं, वर बोट दाखवून सांगायची गरज नाही. आणि एक काम करा, मावशींनाच विचारा, पहिल्या वर्षी पेंढा का आणला.

तलावपाळीची

विचारलं आज, शाळा सुटताना. पहिल्या वर्षी गोठ्यात थर्माकोलचे गोळे पसरले होते म्हणे. मावशी म्हणाल्या, “बाई, ते बघून मला गुरांची कीव आली. खाणार काय ती?” त्या मातीच्या गाई-मेंढ्यांसाठी पेंढा आणत होत्या, आणि मी इतकी वर्षं बाळासाठी समजत होते! बाळाला टोचण्याचं कारण त्यांनी सिस्टरांना गप्प करायला शोधलेलं.

माळ गाळली. मजकूर हा:

‘आपल्या गोठ्यातली गुरं अठ्ठावीस वर्षं उपाशी राहिली नाहीत, कारण मावशी दर डिसेंबरला मुरबाडहून पेंढा आणायच्या. यंदाही आणला आहे. सुट्टी लागायच्या आधी गोठा बघायला या आणि गेटवर मावशींना भेटा. जानेवारीत गेटवर दुसरं कुणीतरी असेल.’

रमेदीची

याला हात लावू नका.

कोपरीकर

टायपिंगचं काय झालं? मी तयार आहे अजून.

तलावपाळीची

छापखान्यातून कागदी प्रूफ आलं. ख्रिस्त शाबूत, ख्रिस्तप्रसाद शाबूत, स्वर्गोन्नयन यंदाच्या अंकात नव्हतंच. सिस्टरांच्या निधनाच्या बातमीत ‘ख्रिस्तवासी’ व्यवस्थित. मी सुटकेचा श्वास टाकणार एवढ्यात सासऱ्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. फोननं माझ्या नकळत शब्द बदलला होता: ‘निष्कलंक मरियेच्या सणानिमित्त शाळेत पवित्र मिसळ अर्पण करण्यात आली.’

दुरुस्त करून पाठवलंय. सासरे म्हणतात, ठाण्यात हे चालून गेलं असतं.